मान डोलावली
प्राध्यापकांचा ग्रंथ इंग्लंडहून आला आणि मी आधी बल्गेरियाचं प्रकरण शोधलं. अकरा उन्हाळे ते आमच्या तर्नोवोच्या ग्रंथालयात येत होते. मध्ययुगातल्या आमच्या राजांच्या पोथ्या मीच त्यांना ओळ न् ओळ लावून दिल्या होत्या.

प्रकरण नव्हतंच. सहाशे पानांत एक तळटीप होती: 'बल्गेरियाचा इतिहास म्हणजे बायझंटाईन साम्राज्याचं शेपूटच ना, असं विचारल्यावर तिथल्या ग्रंथपाल रादकाबाईंनीही मान डोलावली.'

मी तडक फोन लावला. "सर, आमच्याकडे मान डोलावली की 'नाही' होतं! पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या आईनं विचारलं, अजून सूप वाढू? तुम्ही मान डोलावलीत आणि तिनं भांडं उचलून नेलं. तेव्हा मीच समजावलं होतं ना तुम्हाला?"

"आठवतंय की," ते हसले. "त्यानंतर तुमच्या घरी मी कधी उपाशी राहिलो नाही."

"मग हे असं का लिहिलंत?"

"खोटं काय लिहिलंय, रादकाबाई? मान तुम्ही डोलावलीच होती. तुमच्याकडे तिचा अर्थ काय होतो, हे इथं कोण विचारणार आहे?"