तीन कंपन्यांचे स्पीकर

दुकानदाराने तीन कंपन्यांची होम थिएटर एका दिवसासाठी घरी लावून दिली. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना मुलगा म्हणाला, "बाबा, आज तुमची मदत हवी. बाहेर सिनेमा सुरू झाला की मला हाका मारायच्या. अगदी बेंबीच्या देठापासून, बरं का!"

बाबा हरखले. किती दिवसांनी कुणीतरी त्यांना काम सांगत होतं!

स्वस्तातली कंपनी. सूनबाईने कागदावर लिहिलं: ऐकू येतात.

महागडी. ऐकू येत नाहीत.

मधली. बाबांनी घशाच्या शिरा ताणल्या, खोकले, पुन्हा ओरडले. सूनबाई दाराला कान लावून उभी होती. मग तिने पेन ठेवलं. "अहो, उगाच महागडा कशाला? यातही बाबा अजिबात ऐकू येत नाहीत."

मुलगा आत गेला. बाबांचा आवाज पार बसला होता.

"कोणता ठरला रे?"

"मधला. तुमच्यामुळे पैसे वाचले, बाबा."

बाबा समाधानाने उशीला टेकले.

"बरं झालं. म्हणजे सिनेमा चालू असला तरी अडीनडीला तुला हाक मारता येईल."