ओल्या छताखालची खाट

"बाथरूममधून थोडं पाणी झिरपतंय, एवढंच ना? दिवाळी झाली की बघतो," दिगंबर खैरनारांनी खालच्या मजल्यावरच्या लीलाताईंना तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी त्या परतल्या नाहीत. "एकदा खाली येऊन बघा तरी," त्या शांतपणे म्हणाल्या.

खैरनार नाइलाजाने गेले. लीलाताईंचे यजमान अर्धांगवायूने वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत, हे त्यांनी ऐकलं होतं. पण त्यांची खाट नेमकी त्या ओल्या छताखाली आहे, हे आज दिसलं. वरचा गिलावा फुगला होता. उशीशेजारी टमरेल होतं, त्यात थेंब पडत होते.

"लोखंडी खाट आहे. मला एकटीला हलत नाही," लीलाताई म्हणाल्या.

खैरनारांनी तिथूनच प्लंबरला फोन करून लगेच यायला सांगितलं. मग बायकोला बोलावून तिघांनी खाट खिडकीजवळ ओढली. प्लंबर पोचायच्या आत छताचा मोठा तुकडा धाडकन रिकाम्या जागेवर कोसळला. "चुकलं माझं," खैरनार लीलाताईंना म्हणाले.

त्याच दिवशी सडलेला पाइप बदलला. पंधरा दिवसांत खैरनारांनी छतही नवं करून दिलं आणि खाट जागेवर न्यायला ते आले. तेव्हा यजमानांनी डावा हात उचलून त्यांना थांबवलं. खिडकीबाहेर शाळेच्या मैदानात मुली खो-खो खेळत होत्या.

"इथेच," ते म्हणाले.

कित्येक महिन्यांनी लीलाताईंनी त्यांच्या तोंडून स्पष्ट शब्द ऐकला होता.