एकाच रविवारची फिल्म

रोंडानं प्रोजेक्टर थांबवला, फीत मागं घेतली आणि तोच तुकडा पुन्हा लावला.

भिंतीवर सुपीरियर सरोवराचा किनारा उजळला. वाऱ्यानं डोळ्यांवर आलेले केस सारत आई हसली. मग चार वर्षांची रोंडा पाण्यात खडे टाकताना दिसली. केस मुलासारखे कानापर्यंत कापलेले. त्यानंतर स्वयंपाकघर. चित्र इथं जास्तच धुरकट. निळा हाउसकोट घातलेली आई तिरपी पाठमोरी बसली होती, चेहरा डोक्याच्या रुमालाआड. पुढ्यात रोंडा. आई तिची वेणी घालत होती.

कानापर्यंतच्या केसांची वेणी!

"हे सगळं एकाच रविवारचं," असं बाबा दर वाढदिवसाला ही फिल्म दाखवताना सांगायचे.

रोंडा लॉस एंजेलिसला सिनेमांची कंटिन्युइटी सांभाळायची. एका शॉटमधला अर्धा ग्लास पुढच्या शॉटमध्ये भरलेला दिसला, की खापर तिच्या डोक्यावर फुटायचं. सहकुटुंब बघायच्या सिनेमांवर तर तिचा हात चांगलाच बसला होता. घर मात्र त्या नजरेनं टिकू दिलं नाही. "तुला माणूस दिसतच नाही, चुका दिसतात," असं म्हणून नवरा गेला, त्यालाही बरीच वर्षं झाली. आता बाबाही गेले होते. सरोवराकाठचं त्यांचं डुलुथचं घर रिकामं करायला ती एकटीच आली होती. फोन करून सांगावं असंही कुणी नव्हतं. म्हणून भरदुपारी पडदे ओढून ती प्रोजेक्टर लावून बसली होती.

घर सोडल्यापासून ही फिल्म तिनं पाहिलीच नव्हती. चुका काढायला ती शिकली ती त्यानंतर.

खरं तर तिला फक्त आईला बघायचं होतं. आई गेली तेव्हा रोंडा पाचाचीही नव्हती. पुढं बाबांनी वाढवलं, नाही असं नाही. पण खनिजाच्या गोदीवरून थकून येणारा तो माणूस घरात शब्दही मोजून वापरायचा. ताट वाढायचा, तिचे बूट पुसून ठेवायचा, झोपायचा. त्यानं जवळ घेतल्याचं तिला एकदाही आठवत नव्हतं. मायेचा म्हणून तिला एकच स्पर्श ठाऊक होता, या वेणीचा. आणि तो नुसता भिंतीवर पाहिलेला नव्हता. डोळे मिटले की ती बोटं अजूनही तिच्या केसांतून फिरायची, गाठ आली की थांबायची, न ओढता हळूच सोडवायची.

फीत पुढं सरकली. सवयीनं तिची नजर माणसांना सोडून भोवतालावर गेली.

आईच्या मागं पांढरा फ्रिज होता.

तो फ्रिज आला तो दिवस रोंडाला लख्ख आठवत होता. त्याच्या खोक्याचं घर करून ती आत बसली होती आणि काही केल्या बाहेर येईना. आई शोधायला येईल, असं तिला वाटत होतं. आईला पुरून तेव्हा कितीतरी महिने लोटले होते.

मग फ्रिजपुढं बसून वेणी घालणारी ही कोण?

ती तशीच उठून शेजारी गेली. व्हर्नकाका बाबांचे, म्हणजे आर्व्होचे, गोदीवरचे सोबती. ऐंशी कधीच उलटलेली, पण अजून स्वतःची कॉफी स्वतः करायचे.

"ये, बस. तोंड का असं झालंय?"

"बाबांच्या फिल्ममध्ये चुका सापडल्या."

"फुकटातसुद्धा काढतेस होय?" ते हसले.

रोंडा हसली नाही. "स्वयंपाकघरात आहे ती आई नाही, काका."

व्हर्नकाकांनी कप खाली ठेवला.

"आर्व्होनं मला शपथ घातली होती," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"आणि गावाला?"

"छे! गावाला कळलं असतं तर गोदीवर तोंड दाखवायची सोय उरली नसती त्याला."

रोंडाची कानशिलं तापली. आई जाऊन वर्ष झालं नाही, तोच घरात दुसरी बाई! आणि वर तिच्या अंगावर आईचा हाउसकोट!

"का केलं त्यांनी असं?"

"तू जेवेनाशी झाली होतीस, पोरी. आई आठवत नाही म्हणून रडायचीस. आर्व्होनं होती नव्हती ती सगळी फीत पालथी घातली. कुठं तुझी आई हेल्मी, कुठं तू. दोघी मिळून एकाही ठिकाणी नव्हतात. तुला दाखवायला काहीतरी हवं, एवढंच घोकत होता."

"म्हणून खोटी आई उभी केली?" रोंडाचा आवाज फाटला. "मी त्या हातांवर जगले, काका. नवरा सोडून गेला तेव्हा उशीत तोंड खुपसून तेच हात आठवले. आणि ते कुणा परक्या बाईचे! पोरीच्या केसांना हात लावायला बाहेरून बाई आणली, पण स्वतः कधी जवळ घेणं जमलं नाही त्यांना. सांगा, कोण होती ती?"

व्हर्नकाकांनी तिचा हात आपल्या हातात घेतला.

"बाई कुठली आणतेस, पोरी? बाहेर हिमवादळ होतं आणि कॅमेरा माझ्या हातात होता. घरात आपण तिघंच होतो. तू, मी आणि तुझा बाप."