पुरावा क्रमांक एक

डोलोरेसने मान लांबवली, टेबलावरची अंगठी चोचीत धरली आणि छताकडे तोंड करून गिळून टाकली. हातभर गळ्यातून अंगठी खाली उतरताना सगळ्या कोर्टाने पाहिली. न्यायाधीश ओक्सबाईंनी तर चष्मा वर सरकवून पाहिली.

"माझी कॉलेजची अंगठी!" बँकेचा वकील ग्रेडी फॉन्टेन किंचाळला.

टेक्सासात माणूस एक वेळ लग्नाची अंगठी हरवेल, पदवीबरोबर बोटात घातलेली कॉलेजची नाही. विचार करताना ती बोटातून काढून टेबलावर भोवऱ्यासारखी फिरवायची ग्रेडीला खोड होती. आणि चमकेल ते गिळायची डोलोरेसला.

डोलोरेस एमू होती, शहामृगाची चुलत बहीण. उंचीने ग्रेडीएवढी, वागायला त्याच्याहून जरा बरी. एमिल हॉफरने तिला पुरावा क्रमांक एक म्हणून ट्रेलरमधून आणलं होतं. त्याच्या कुरणात असे एकशे अठरा एमू होते. गाय खाणं आता संपलं, उद्या सगळा देश एमू खाणार, असं त्याला कोणीतरी पटवलं होतं. बँकेलाही तसंच पटलं होतं, म्हणून तिने नुसत्या सहीवर कर्ज दिलं. जोडीचा भाव तीस हजार डॉलर. देश जेवायला बसण्याआधीच हप्ते थकले आणि एमिलने दिवाळखोरी जाहीर केली.

दिवाळखोरी हे केंद्राच्या कोर्टाचं काम. पण दिवाळखोराकडे काय काय राहू द्यायचं, ते पाहायचं राज्याच्या जुन्या यादीत. त्या यादीत होतं घर, घरातलं बायबल, दोन घोडे आणि एकशेवीस पाखरं. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोंबड्या असणार.

"हे पाखरूच आहे बाई," एमिल म्हणाला. "पिसं आहेत. अंडी घालतं."

"पन्नास किलोचं धूड, मांस तांबडं, वर लाथा मारतं!" ग्रेडी म्हणाला. "हे जनावर आहे. यादीत बसत नाही. सगळी जनावरं बँकेची. आणि आधी हिचं पोट फाडा!"

ओक्सबाईंनी हातोडा आपटला. "ती कोणाची, ते ठरेपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही."

बाईंच्या मते एमू पाखरू होतं. बँक वरच्या कोर्टात गेली. तिथून आणखी वर. तिथल्या तिघांनी सांगितलं, टेक्सासात पाखरू कशाला म्हणायचं ते आम्ही परक्यांनी का ठरवावं? त्यांनी प्रश्न राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे धाडला. तिथे नऊ जण होते. नऊ जण विचार करू लागले.

पहिल्या वर्षी जोडीचा भाव दहा हजारांवर आला. दुसऱ्या वर्षी पाचशेवर. तिसऱ्या वर्षी लोक कुरणाचं फाटक मुद्दाम उघडं टाकून चर्चला जाऊ लागले, म्हणजे परत येईतो एमू गेलेले असत. एमिलनेही दोनदा टाकलं. दुसऱ्यांदा परत येऊन मोजले, तर चार जास्तच भरले. ते त्याने शेजाऱ्याच्या कुरणात परत हाकलले, तेही मोठ्या मिनतवारीने.

"एमिल," त्याची बायको लोरीन दाण्याचं बिल पुढे धरून म्हणाली, "देवाशपथ सांगते, तो खटला हर. नाहीतर यांचं खाणं आपलं घर खाईल."

एमिल टोपी हातात घेऊन ग्रेडीकडे गेला. "पोरा, तुझंच खरं. लाथा मारतं, ते जनावरच. ने सगळी."

"छे, छे, काका!" ग्रेडी खुर्चीत मागे रेलला. "पिसं आहेत. अंडी घालतं. पाखरूच ते."

नऊ जणांचंही एकमताने तेच ठरलं. उत्तर पायरी पायरीने उतरत ओक्सबाईंच्या टेबलावर आलं.

हुकुमाचा मसुदा वकिलाने लिहायचा आणि न्यायाधीशाने सही करायची, अशी तिथली रीत. एमिलचा वकील फी थकल्यावर केव्हाच दिसेनासा झाला होता, म्हणून मसुदा ग्रेडीने लिहिला. अगदी हौसेने. म्हातारा एखादा एमू बँकेच्या दारात बांधून जाईल, या धास्तीने त्याने एकही फट ठेवली नाही. 'बँक, तिचे अधिकारी, नोकर व वकील यांनी या पक्ष्यांवर अथवा त्यांच्या आत-बाहेर असलेल्या कशावरही कधीही हक्क सांगू नये.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. "वकीलसाहेब, हे असंच हवंय तुम्हाला?"

"शब्दन् शब्द, मॅडम."

बाईंनी सही केली.

बाहेर आल्यावर ग्रेडीने एमिलचा हात दाबला. "जिंकलात काका! सांभाळा आता जन्मभर. आणि हो, ही डोलोरेस जरा कापून घ्या. माझी अंगठी."

पुरावा म्हणून आजही आणलेल्या डोलोरेसने ट्रेलरमध्ये पाय बदलला. तिच्या पोटात काहीतरी खुळखुळलं. एमिलने हुकूम उलगडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"'आत-बाहेर असलेल्या कशावरही.' हे तूच लिहिलंस ना, पोरा?"

ग्रेडीने ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. "काका, काय घ्याल?"

"मी दिवाळखोर माणूस, मी काय घेणार? पण या एकशे अठरा जणांना भूक लागते बघ. कुणी सांगावं, पोटभर खाल्लं की अंगठी आपणच बाहेर येईल."

तेव्हापासून दर शनिवारी ग्रेडीची गाडी दाण्याची पोती घेऊन एमिलच्या कुरणाशी येते. पोती उतरवून तो हात मागे बांधून कुंपणाबाहेर उभा राहतो आणि डोलोरेसच्या शेपटाकडे तासभर टक लावून बघतो.

"आजही नाही रे," लोरीन ओसरीवरून हळहळते. "पुढच्या शनिवारी ये हो."

मग ती आत जाते. डोलोरेसच्या पोटात खडे आहेत. अंगठी गिळल्यापासून चौथ्याच दिवशी बाहेर आली. लोरीनने ती धुऊन पुसून बायबलच्या पानांत ठेवली आहे, आणि बायबल तर पहिल्यापासूनच यादीत आहे.