आकड्यांतलं कुंकू

रायफलीवरचं फडकं सोडायच्या आधीच माधवी मॅडमनी विचारलं, "दस्त्याला खालून तडा आहे ना?"

किशोर चमकला. साइटवर टाकलेल्या फोटोंत तो तडा दिसू नये म्हणून त्यानं केवढी खटपट केली होती. पण ऑनलाइन लिलाववाल्यांची तज्ज्ञ माणसं अशीच बेरकी असायची, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

"बारीकसा आहे," तो म्हणाला. "लाकूड जुनं झालं न मॅडम."

तज्ज्ञ या आठवड्यात येईल, असं लिलाववाल्यांनी कळवलं होतं. आज सकाळी ही तिशीतली बाई अमरावतीच्या त्याच्या घराच्या दारात उभी राहिली, नाव सांगितलं, "रायफल बघायला आलेय" म्हणाली, आणि किशोरनं तिला थेट पंख्याखाली नेऊन बसवलं. पाहुणा आला की कुठचे, कोणाच्या घरचे, हे चहाआधीच विचारायचं ही या भागाची रीत. पण तज्ज्ञाला असलं काही कसं विचारणार? त्यानं विचारलं नाही.

रायफल निकामी केलेली होती. नळी बुजवलेली, घोडा अडकवलेला. ती आता कोणावर चालणार नव्हती. पण ती खरोखर लष्करातली आहे असं तज्ज्ञानं म्हटलं की हौशी मंडळी तिच्यासाठी एकमेकांशी चढाओढ करणार होती. किशोरच्या मुलीचं, आकांक्षाचं, पुण्याचं शिक्षण त्या एका शब्दावर अडकलं होतं. नाहीतर ते नुसतं लोखंड होतं.

किशोरची आई गोदाबाई चहा घेऊन आली. चक्क ठेवणीतल्या कपांत. कप ठेवून आत जायचं सोडून ती दाराशीच बसली.

"माय, तू जाय न आत," किशोर म्हणाला.

"आत काय काम आहे मले?" गोदाबाई म्हणाली आणि पदर सावरून आणखी ऐसपैस बसली.

माधवीनं पर्समधून भिंग काढलं. मॅगझिनच्या पुढे लाकडात आरपार घातलेला आडवा स्क्रू पाहिला. बोल्ट मागे ओढून त्यावरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. किशोर श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होता. तोंडावरून काही कळेल तर शपथ.

"नंबर जुळतात."

त्याला हायसं वाटलं.

"पण नंबर काय, कोणीही ठोकून देतो," ती पुढे म्हणाली. "तुम्ही साइटवर लिहिलंय, ही तुमच्या आजोबांची, नत्थुजींची."

"हो. फौजी होते."

"मग आकड्यांत हे लाल काय भरलंय?"

"कुंकू आहे ते. दर दसऱ्याले पूजा होते न."

"फौजी माणूस रायफलीला तेल लावतो, किशोरभाऊ. आकड्यांत ओलं कुंकू भरलं तर लोखंड गंजतं, हे नव्या रंगरुटालाही ठाऊक असतं. हे बघा, गंजलंय." तिनं भिंग खाली ठेवलं. "जुनी दिसावी म्हणून बाजारात असलेच उद्योग करतात. मला विचाराल तर ही बनावट आहे."

किशोरचं डोकंच तापलं. घरात पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली वस्तू, आणि ही बाई चहा पिता पिता तिला बनावट म्हणते!

"बनावट नाही मॅडम!" तो उसळून म्हणाला. "नत्थुजी फौजी नव्हते, बस? शेती करत. रायफल श्रावण हवालदाराची आहे. पातूरकडले, आमच्याच गावचे."

"मग ती तुमच्याकडे कशी?"

"दोस्त होते दोघं. हवालदार निवृत्त झाले तवा पलटणीनं त्याईले आठवण म्हणून देल्ली. मंग ते नोकरीपायी अकोल्याले गेले. तिथं भाड्याची खोली. म्हणे नत्थुजी, तुमच्याकडं राहू द्या, घर बांधलं की नेतो. आता बौद्ध माणूस, त्याईच्या घरी कायची पूजा! पण आमचे नत्थुजी म्हणत, माह्या घरी आहे तवर विळ्या-पावशीसंगं तिलेबी कुंकू लागन."

माधवीनं रायफल पुन्हा हातात घेतली. आकड्यांवरून हलकेच अंगठा फिरवला. बाई नरमते आहे, हे किशोरनं टिपलं. गिऱ्हाईक वळायला लागलं की दुकानदाराला जसा चेव येतो, तसा त्याला आला.

"म्हणजे ठेवायला दिलेली," ती म्हणाली. "परत मागायला कोणी आलं नाही?"

किशोर घुटमळला. पण अर्धवट सांगितलं तर ही पुन्हा बनावट म्हणायला मोकळी.

"आला होता एकदा. त्याईचा पोरगा, सुगत. नत्थुजी तवा वारले होते. मी म्हटलं, चोरीले गेली." तो ओशाळं हसला. "आता तुमीच सांगा मॅडम, नकली बंदुकीपायी कोणी एवढं खोटं बोलते का? पटलं न, असली आहे?"

दाराशी गोदाबाईनं मान खाली घातली होती.

"पटलं," माधवी म्हणाली. तिनं भिंग पर्समध्ये टाकलं. "खरी आहे."

किशोरचा जीव भांड्यात पडला. आकांक्षाला आत्ताच सांगावं म्हणून त्यानं फोन उचलला, तोच तो वाजला.

"किशोरभाऊ का? लिलावाच्या साइटकडून बोलतोय. तुमची रायफल तपासायला आलोय, बडनेरा स्टेशनवर उतरलो. ऑटोवाल्याला पत्ता काय सांगू?"

किशोरनं फोन तसाच कानाला धरून समोर पाहिलं. माधवी रायफल फडक्यात गुंडाळून तिला घट्ट गाठ मारत होती.

"मंग तुमी कोण?" त्यानं विचारलं.

उत्तर गोदाबाईनं दिलं.

"सुगतची पोरगी आहे ते. मीच बोलावलं तिले."