उघडा माइक

सॉफ्टवेअरवाल्यांच्या संमेलनात आवाजाची सगळी जबाबदारी ताईकडे होती, आणि माइक आपोआप सांभाळणारा नवा प्रोग्राम तिच्या धाकट्या भावाने लिहिला होता. बोलणाऱ्याचा माइक उघडायचा, गप्प बसलेल्याचा बंद व्हायचा.

"ताई, आज तू नुसती हाताची घडी घालून बस," असं ऐटीत सांगून तो तालमीसाठी मंचावर चढला.

पण बोलताना तो लहानपणापासून अडखळायचा. "मी हा प्र..." म्हणून तो अडकला, आणि याचं बोलणं संपलं असं समजून प्रोग्रामने माइक बंद केला. अखेर शब्द सुटला, तो पहिल्या रांगेपर्यंतही पोचला नाही. त्याचा चेहरा एवढासा झाला.

"माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला तरी बोलू दे," तो म्हणाला.

"दुसऱ्यांना तुझा प्रोग्राम लाव, छान चालतोय," ताई म्हणाली. "तुझ्या माइकचं बटण तेवढं माझ्या हातात राहू दे."

प्रत्यक्ष भाषणात तो बऱ्याचदा अडकला. प्रत्येक वेळी माइक उघडाच राहिला. ताई त्याच्याकडे अशी पाहत होती, जणू दोघं घरीच गप्पा मारत बसली आहेत. शब्द उशिरा आले, पण अख्खे आले, आणि लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

खाली उतरल्या उतरल्या त्याने लॅपटॉप उघडला. "ताई, माणूस अडकला की किती सेकंद थांबायचं ते सांग. प्रोग्राममध्ये घालून टाकतो."

ताईला हसू आलं.

"मी कधी मोजलेच नाहीत रे!"