साडीवरचा हात

विभावरीबाईंनी हिरव्या साडीवर हात ठेवला आणि त्यांची बोटं ठणकायला लागली. हल्ली विणणाऱ्याच्या अंगाला जे काही होत असेल ते धाग्यात उतरायचं आणि कापडाला हात लावणाऱ्याला जाणवायचं. गिऱ्हाइकाला खरं काय ते कळावं म्हणून सरकारनेच तसा कायदा केला होता. दुखऱ्या हातांचं कापड घेऊ नका, असं विभावरीबाई महिला मंडळात तळमळून सांगायच्या.

"आई, डोहाळजेवणाला मला हीच हवी," शर्वाणी म्हणाली. "रंग बघ ना कसला आहे."

"अगं, पण विणणारीची बोटं…"

"मग सुखी हातांची घ्या की," दुकानदार पोरवालशेठ म्हणाले. "तिप्पट पडेल. नाहीतर हिच्यावर फवारा मारून देतो, काही जाणवत नाही. तुमच्या मंडळातल्या सगळ्या तशीच नेतात, ताई."

विभावरीबाईंना खरं तर राग यायला हवा होता. पण त्यांना हायसंच वाटलं, आणि हायसं का वाटलं ते कळेना. नाही घेतली तर त्या बाईची मजुरी बुडेल, असंही मनाशी म्हणून झालं.

"मारा," त्या म्हणाल्या.

शेठनी बाटली उचलली. हात काढता काढता विभावरीबाईंची कंबर भरून आली, पाय जड झाले, आणि इतक्या वर्षांनी पोटात कुणीतरी हळूच लाथ मारली.

"हात काढा ना, ताई."

"थांबा हो जरा," विभावरीबाई म्हणाल्या. "परत हलतंय का बघू दे."